नावाची जागा

ग्रँट रोडच्या एका पारशी घरातून
खोका आला, सुतळीने बांधलेला.
वर पेन्सिलीने एवढंच : जर्मन, जुनी.
आत एकेचाळीस चित्रं,
आगपेटीहून जेमतेम मोठी.

काळ्या घोड्यामागच्या आमच्या खोलीत
एसी बंद पडला की आर्द्रतेचा काटा पंच्याहत्तरावर जातो.
मी मास्क लावते, मऊ ब्रशने बुरशी उचलते,
आणि भिंगाखाली तो येतो.

रेडा नाही. पाश नाही.
पायी आलेला, घरच्यासारखा.
सावकाराला नाणी मोजायला मदत करतोय
(आणि त्याचा हिशेब बरोबर आहे).
वैद्याच्या हातातली बाटली स्वतःच उजेडाकडे धरतोय.
एका पोराला चालायला शिकवतोय,
वाकून, बोट देऊन,
इतक्या मायेने की मी भिंग बाजूला ठेवलं.
कोपऱ्यात कुठेतरी वाळूचं घड्याळ असतंच.
एका चित्रात ते पाळण्याला टांगलंय,
खुळखुळ्याच्या जागी.

बाबा खेतवाडीत ठोकळे कोरायचे.
नाटकांच्या पोस्टरांची अक्षरं, सागवानी, उलटी.
ते असते तर म्हणाले असते,
ह्याची हाडं कुणी कोरलेलीच नाहीत, नीट बघ.
काळं दिसतं तेवढं लाकूड उरलंय.
पांढरं ते सगळं पटाशीने उकरून काढलेलं.
बरगडी म्हणजे बरगडीएवढा भुसा,
संध्याकाळी कुणी तरी केरात लोटलेला.

त्यांच्या प्रेसमध्ये एक मजकूर कधी सोडत नसत.
‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’
चारी बाजूंना काळी रेघ, दोऱ्याने आवळून,
खिडकीखालच्या गॅलीत बारा महिने उभा.
इस्माईलचाचा नावाचे खिळे बदलायचा,
आणि वयाचे.
दीड तासात पन्नास कार्डं,
ओल्या शाईला हात लावू नका म्हणायचा, वाळू द्या.

आता ही चित्रं उलटताना कळतं,
हाही तसाच बांधून ठेवलेला मजकूर.
राणी येते, भटारी येतो, दर्यावर्दी येतो,
तेवढीच जागा बदलते.
बाकी कुणाला हात लावावा लागत नाही.

बाबांच्या वेळी लग्नसराई होती.
केसमधले अर्धे च संपलेले,
सगळे कुणाकुणाच्या चिरंजीवांत अडकलेले.
चाचाने खालचे खण उपसले,
दुसऱ्या वळणाचा एक सापडला, जरा जाड.
मोरेश्वर च्यारी, वय एकसष्ट.
आडनाव एका अंगाला कललेलं,
ओझं घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखं.
त्यांनी असलं कार्ड प्रेसबाहेर जाऊ दिलं नसतं.
मी एक ठेवलंय. चाळीस काय झालं माहीत नाही.

शेवटच्या चित्रात कोरणारा स्वतः बसलाय.
तो समोर उकिडवा, दिवा धरून.
नीट दिसावं म्हणून वात पुढे सारलेली.
कोरणारा मान वर करत नाही.
काम चालू असताना बाबाही करत नसत,
आम्ही शाळेचा निकाल घेऊन उभे असलो तरी.

रजिस्टरात लिहिते : स्थिती बरी,
डावीकडे ओलीचा डाग, कसरीने एक कड खाल्लेली.

नवी आलेली जेसिंता सव्विसावं चित्र उचलते.
नवरीच्या गालावर पांढरा ठिपका,
टाचणीच्या डोक्याएवढा.
मॅडम, हे भोक बुजवू?
खळ तयार आहे, जपानी कागदही.

मी सांगते, ठोकळ्याला भुंगा लागला होता.
कोरणारा गेला, त्याची पोरं गेली,
छापणारे छापत राहिले,
आणि तो आत आपला रस्ता काढत राहिला.
जिथे बाहेर पडला तिथे शाई लागली नाही.

ती अजून कागद उजेडाकडे धरून उभी.
भोक नाही ग ते.
कागद अख्खा आहे.
बोट फिरवून बघ.